अर्थ नसलेल्या भाषेलाही व्याकरण लागतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत लघुपटांवर आलेल्या टिपणात एका प्रकाराला फारच घाईनं निकालात काढलं आहे. कृष्णधवल, अतिवास्तव ढंगाचा आणि मनानं रचलेल्या भाषेत बोलणारा विनोदी लघुपट म्हणजे रंग उडवायचे, नटांना तोंडाला येईल ते बरळायला लावायचं आणि कुणी विचारलंच तर ‘ॲब्सर्ड’ म्हणून मोकळं व्हायचं, असा त्या टिपणाचा सूर आहे. या प्रकारातल्या बऱ्याच लघुपटांना हा आरोप लागू पडतो, हे आम्ही नाकारत नाही. मात्र तो लागू पडतो तेव्हा दोष प्रकाराचा नसतो, न केलेल्या कामाचा असतो. ते काम नेमकं काय असतं, हे ध्वनी आणि छायाचित्रणाच्या बाजूनं सांगावं म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र लांबलं आहे. कात्री चालवायची झाल्यास इतिहासाच्या परिच्छेदावर चालवावी, तांत्रिक भागावर नको.

इतिहास थोडक्यात. चॅप्लिनचा आवाज पडद्यावर प्रथम ऐकू आला तो १९३६ साली ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये, आणि तोही एका निरर्थक गाण्यातून. शब्द फ्रेंच-इटालियन वळणाचे, अर्थ शून्य, आणि तरी हातवाऱ्यांमुळे गोष्ट पूर्ण कळते. चार वर्षांनी ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये त्यानं जर्मनच्या धाटणीची खोटी भाषा भाषणासाठी वापरली. इटलीत नाटककार-नट दारिओ फो यांनी रंगभूमीवर ‘ग्रामलो’ ही जुनी विदूषकी युक्ती, म्हणजे निरर्थक आवाजांतून खरी भाषा बोलल्याचा भास करणं, पुन्हा जिवंत केली. पुढे १९९७ साली त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं. पण ही सगळी उदाहरणं उसन्या चालीची आहेत. ऐकणाऱ्याला मूळ भाषेची चाल ओळखू येते आणि विनोद त्या ओळखीतून होतो. पूर्ण नवी भाषा रचणं ही वेगळी गोष्ट. तिला कुणाचीच चाल नको असते, म्हणून तिची स्वतःची चाल बसवावी लागते. फसलेले बहुतेक लघुपट या दोहोंच्या मधे कुठेतरी लोंबकळत असतात: दोन मिनिटं रशियनसारखं, मग जरा जपानीसारखं, आणि भांडणाच्या प्रसंगात सरळ मराठीसारखं. शिवाय एखाद्या खऱ्या समाजाच्या बोलण्याची चाल उचलली की प्रेक्षक त्या समाजाला हसतो. लघुपटाला ते अभिप्रेत नसेल, तर चाल उसनी घेऊच नये.

आता भाषेकडे. नटाला ‘काहीही बोल’ म्हटलं की तो काहीही बोलत नाही. मातृभाषेतलेच ध्वनी मातृभाषेच्याच जोडणीनं बोलतो. मराठी नट असेल तर पहिल्या चार वाक्यांत ळ, ण, ठ, भ हजेरी लावतात आणि शब्दांच्या शेवटी ‘-ला’, ‘-चा’ लागतात. शिवाय त्याच्याजवळचे अक्षरांचे गट लवकर संपतात आणि तेच ते फिरून येतात. म्हणून सुरुवात ध्वनींची यादी ठरवण्यापासून करायची. आठ-दहा मिनिटांच्या लघुपटाला बारा व्यंजनं आणि पाच स्वर पुरतात. उदाहरणार्थ प, त, क, ग, फ, स, म, न, ल, र, व, य आणि अ, इ, उ, ए, ओ. ट-वर्ग नाही, महाप्राण (ख, भ यांसारखे जोरानं हवा सोडून होणारे ध्वनी) नाहीत आणि फ तेवढा इंग्रजी ‘एफ’सारखा, च-ज-झ अजिबात नाहीत, कारण च-ज-झचे मराठी उच्चार दोन-दोन आहेत आणि दोन नट दोन तऱ्हांनी बोलतात. यादीत काय आहे यापेक्षा काय नाही, यावरून भाषेचा चेहरा तयार होतो. मग अक्षराचा साचा: व्यंजन-स्वर, किंवा शब्दाच्या शेवटी फार तर एक व्यंजन, जोडाक्षर नाही. आणि आघात कायम शेवटून दुसऱ्या अक्षरावर. आघाताचा हा एक नियम पाळला तरी प्रेक्षकाच्या कानाला ही ‘भाषा’ वाटू लागते. तो मोडला तर शब्द कितीही सुंदर असोत, बडबडच राहते.

लहान मुलांच्या ‘च’च्या भाषेचा मोह या टप्प्यावर हमखास होतो. तो टाळावा. ती भाषा नाही, कुलूप आहे. मराठी प्रेक्षक दहाव्या सेकंदाला ते उघडतो आणि पुढे विनोद सोडून उलगडा करत बसतो.

शब्दांचा आवाज आणि वस्तूचा आकार यांचं नातं फुकट मिळणारं आहे, ते जरूर वापरावं. गोलाकार आकृतीला मऊ, घोळदार नाव आणि टोकदार आकृतीला कडक, तुटक नाव बहुसंख्य लोक आपणहून देतात, हे मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर यांनी १९२९ सालीच नोंदवलं आणि नंतर अनेक भाषकांवर तपासलं गेलं. तेव्हा उशीला ‘मोलु’ आणि टाचणीला ‘तिक’ म्हटलं तर शिकवण्याचं अर्धं काम झालेलं असतं. उलटं केलं, तर तो विनोद होऊ शकतो, पण एकदाच.

शब्दकोश मोठा नको. आठ मिनिटांत साठ-सत्तर वाक्यं असतील तर पन्नासेक शब्द पुष्कळ झाले, आणि त्यांतले प्रेक्षकाला खरोखर कळायला हवेत ते पाचच: होकार, नकार, एक अभिवादन, एक शिवी, आणि गोष्ट ज्या वस्तूभोवती फिरते तिचं नाव. बाकीचे शब्द वाक्याचं वजन भरून काढायला असतात. तरीही त्यांचा अर्थ कोशात लिहिलेला हवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी तेच वाक्य दुसऱ्याच अर्थानं बोललं जातं. ‘बाहुबली’तल्या कालकेयांच्या किलिकी भाषेमागेही मदन कार्की यांनी रचलेला शब्दसंग्रह आणि व्याकरण होतं. तिथे ती भाषा धाक बसवण्यासाठी होती, म्हणून न कळणं चालून गेलं. विनोदात न कळून चालत नाही.

एक प्रसंग घेऊ. कार्यालयाची खिडकी. आत कारकून, बाहेर रांग. इथे लोक आपापली सावली तागडीत घालून जमा करतात. सावलीला शब्द ‘नोलुम’. पहिल्यांदा कारकून पेन्सिल जमिनीवरच्या सावलीकडे रोखून ‘नोलुम’ म्हणतो: वस्तू आणि शब्द एकाच चौकटीत. दुसऱ्यांदा माणूस ती सतरंजीसारखी गुंडाळून तागडीत ठेवतो आणि स्वतः म्हणतो, ‘नोलुम’. तिसऱ्यांदा कारकून वजन वाचून भुवया उंचावतो, ‘नोलुम?’ इथे सावली चौकटीत नाही, शब्दावरच काम भागलं. आता प्रेक्षकाला शब्द येतो. मग दिवे जातात. अंधार. शांतता. आणि अंधारातून कारकुनाचा हताश आवाज: ‘नोलुम…’ हशा इथे येतो. तीन वेळा शिकवून चौथ्यांदा वसूल करायचं, आणि पहिल्या व चौथ्या वेळेत दोन-अडीच मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही. शिकवण्याच्या तीन जागांपैकी एक संकलनात उडाली तर शेवटचा विनोद पडतो, आणि तो का पडला हे संकलकाला कळत नाही, कारण त्याला शब्द आधीपासूनच येत असतो. म्हणून पहिली जुळणी कोश न पाहिलेल्या माणसाला दाखवावी आणि ‘नोलुम म्हणजे काय?’ एवढंच विचारावं. आवडलं का, ते विचारू नये. ओळखीचा माणूस हो म्हणतो.

वाक्याची रचनाही ठरवावी लागते. मराठीत क्रियापद शेवटी. तोच क्रम ठेवला तर नट मनातल्या मनात मराठी वाक्य बोलून त्यावर नवे शब्द चढवतो आणि मराठी हेल बाहेर येतो. क्रियापद आधी, मग कर्ता, मग कर्म असा क्रम घेतला की हेल मोडतो. दुसरा फायदा थेट विनोदाचा: वस्तूचं नाव वाक्याच्या टोकाला येतं. ‘रेसु नि नोलुम’, म्हणजे ‘द्या तुम्ही सावली’. शेवटच्या शब्दाच्या आघातावर वस्तू टेबलावर आपटता येते. प्रश्नासाठी वाक्याच्या सुरुवातीला एक ठरावीक अक्षर लावावं. फक्त सूर वर नेण्यावर विसंबलं तर चिडलेला माणूस आणि प्रश्न विचारणारा माणूस सारखेच ऐकू येतात.

संहिता देवनागरीत लिहिण्याचा फायदा आपल्याला वाटतो तितका सरळ नाही. देवनागरी उच्चारानुसारी खरी, पण मराठी वाचक शेवटचा ‘अ’ गिळतो आणि मधलाही कधी गिळतो. ‘तरमस’ असं लिहिलं तर एक नट ‘तर्मस्’ म्हणेल, दुसरा ‘तरमस्’. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार तर आपण सवयीनं दीर्घच बोलतो. म्हणून शुद्धलेखन बाजूला ठेवून पाय मोडायचा तिथे मोडावा, आघाताच्या अक्षराखाली रेघ ओढावी आणि वर लिहिलेल्या ‘नोलुम’सारखे शब्द संहितेत ‘नोलुम्’ असेच लिहावेत. पानाचे तीन रकाने करावेत: नवी भाषा, मराठी अर्थ, आणि त्या क्षणी पात्राला समोरच्याकडून काय हवं आहे. तिसरा रकाना नसेल तर नट अक्षरं म्हणतो, बोलत नाही.

कोश पक्का होण्याआधी तो निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या चार-पाच जणांना मोठ्यानं वाचून दाखवावा. निष्पाप दिसणारा दोन अक्षरी शब्द शेजारच्या भाषेत अवयवाचं नाव निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. चित्रीकरणानंतर ते उघड झालं तर तो शब्द जिथे जिथे आला तिथे तिथे डबिंग.

तालमीची पद्धत अशी. आधी प्रसंग पूर्ण मराठीत बसवायचा, हालचालींसकट. मग त्याच हालचालींवर नवी भाषा. मग पुन्हा एकदा मराठी, आणि लगेच नवी. नवी भाषा बोलताना वेग मंदावला किंवा हात थिजले, तर पाठांतर कच्चं आहे असं समजावं. आठ अक्षरांपेक्षा लांब ओळ असेल तर दोन तुकडे करावेत. प्रत्येक ओळीचा नमुना-आवाज एकाच माणसानं मुद्रित करून सगळ्यांना द्यावा. नाहीतर प्रत्येक नट आपापली बोली तयार करतो. बोलीभेदही विनोद होऊ शकतो म्हणा, पण तो ठरवून.

सेटवर कोश धरून बसणारा एक माणूस लागतो, आणि त्याला दुसरं काम देऊ नये. खऱ्या भाषेत नट चुकला तर दहा जणांना कळतं. इथे कुणालाच कळत नाही. लाँग शॉटमध्ये ‘रेसु नि’ आणि क्लोजअपमध्ये ‘रेसो ने’ झालं की ते दोन शॉट ओळीच्या मधे कापून जोडता येत नाहीत. नटाला ऐन वेळी काही सुचलं आणि ते छान निघालं, तर टेक संपताक्षणी त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेऊन लिहून ठेवावं; दहा मिनिटांनी ते त्यालाही आठवत नाही.

ध्वनीबद्दल मोठा गैरसमज असा, की अर्थ नाहीच तर आवाज थोडा खराब चालेल. नेमकं उलट आहे. खऱ्या भाषेत एखादं व्यंजन खोकल्यानं झाकलं गेलं तरी मेंदू ते संदर्भावरून भरून काढतो, आणि ऐकणाऱ्याला गाळलेली जागा कळतसुद्धा नाही. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये हे प्रयोगानं दाखवलं. रचलेल्या भाषेत भरून काढायला प्रेक्षकाजवळ काहीच नसतं. पंख्याच्या घरघरीत गेलेला ‘म’ गेलाच. म्हणून माइक नेहमीपेक्षा जवळ हवा, बूम (लांब दांड्यावरचा माइक) शक्य तितका चौकटीच्या कडेशी, आणि कपड्यांत लपवलेला लेपल माइक आधाराला. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. प्रत्येक प्रसंग आटोपला की त्याच जागी, त्याच कपड्यांत सगळ्या ओळी कॅमेऱ्याशिवाय दोन वेळा मुद्रित कराव्यात, आणि जागेची नुसती शांतता अर्धा ते एक मिनिट. ध्वनिमिश्रणाच्या वेळी शिकवण्याच्या तीन जागांखालचं संगीत काढूनच टाकावं. विनोदी लघुपटात सुरुवातीपासून शेवटपर्यंत टुणटुण वाजणारी सनई-पिपाणीवजा धून हा तसाही एक रोगच आहे.

डबिंग सोपं जाईल, काय बोलतो ते कुणाला कळतंय, हा दुसरा गैरसमज. माणूस अनोळखी बोलणं ऐकताना ओठांकडे जास्त बघतो. आणि डोळे कानाला फसवतात: कानावर ‘बा’ आणि ओठांवर ‘गा’ असेल तर बऱ्याच जणांना ‘दा’ ऐकू येतं. मॅकगर्क आणि मॅक्डोनल्ड यांनी १९७६ मध्ये हे मांडलं. म्हणजे ओठांशी न जुळणारं व्यंजन डब केलं तर प्रेक्षकाला कोशात नसलेला तिसराच शब्द ऐकू येऊ शकतो, आणि दोन मिनिटं खर्चून शिकवलेला शब्द पुसला जातो. डबिंगमध्ये ओळ बदलायचीच असेल तर प आणि म जिथे ओठ मिटतात त्याच फ्रेमवर ठेवावेत, फ आणि व यांची जागाही शक्यतो हलवू नये; क, ग, त, न, ल मात्र बिनधास्त बदलता येतात, कारण ते तोंडाच्या आत होतात. वेळेच्या चुकीला मर्यादा आहे: आवाज चित्राच्या आधी साधारण ४५ मिलिसेकंद आला की जाणवायला लागतो, मागे राहिला तर सुमारे १२५ पर्यंत निभावतो. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबात एक फ्रेम जवळपास ४२ मिलिसेकंदांची. म्हणजे पुढे एक फ्रेमसुद्धा काठावर, मागे दोन-तीन चालतील. शंका असेल तर मागे ठेवावं.

आता कृष्णधवल. रंगीत चित्रीकरण करून शेवटी रंग शून्यावर आणणं आणि कृष्णधवलसाठी चित्रीकरण करणं यांतला फरक भिंतीवर कळतो. हाय-डेफिनिशनच्या प्रचलित मानकात उजळपणा मोजताना हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा ७. डोळ्यांना भडक वेगळे वाटणारे लाल कोट आणि गडद हिरवी भिंत राखाडीत एकजीव होतात आणि नटाचं नुसतं डोकं तरंगताना दिसतं. (तो विनोद हवा असेल तर उत्तमच, पण बहुधा नको असतो.) म्हणून कपडे, भिंत आणि वस्तू आधी कॅमेऱ्यासमोर ठेवून मॉनिटर एकरंगी करून बघाव्यात. रंग ठरवताना रंगाचा विचार सोडून चार-पाच राखाडी पायऱ्या डोक्यात ठेवाव्यात. पांढरा शर्ट शुद्ध पांढरा नको, फिकट बदामी किंवा फिकट राखाडी हवा. शुद्ध पांढरा सगळ्यांत आधी फुटतो आणि त्यातली घडी-सुरकुती जाते. रक्त दाखवायचं तर लाल नको, गडद हवं. जुन्या कृष्णधवल चित्रपटांत चॉकलेटचं सिरप त्याचसाठी वापरत.

रंग वेगळे पाडून देत नाहीत म्हटल्यावर ते काम प्रकाशाला करावं लागतं. मागून किंवा बाजूनं एक दिवा खांद्याच्या आणि केसांच्या कडेवर हवाच. मुख्य प्रकाश आणि भरीचा प्रकाश यांचं प्रमाण रहस्यपटाच्या थाटात ८:१ ठेवायचा मोह होतो. विनोदाला ते मानवत नाही. विनोद हातात, पायात आणि भुवयांत असतो, त्यामुळे सगळं अंग दिसलं पाहिजे. ४:१ पर्यंत ठीक. खोल सावल्या ठरावीक एक-दोन जागांसाठी राखून ठेवाव्यात. वरच्या उदाहरणात सावली हेच पात्र आहे, तेव्हा तिथे एकच कडक दिवा, दूरवर, आणि जमीन फिकट.

ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्रीकरणानंतर चित्राचा उजेड-रंग जुळवताना, सगळ्यांत जास्त चूक होते ती लाल वाहिनीवर (चित्र लाल, हिरवा, निळा अशा तीन वाहिन्यांत साठवलेलं असतं). नुसत्या लाल वाहिनीवरून राखाडी केलं की त्वचा उजळ, नितळ, डागविरहित दिसते आणि सगळे खूश होतात. पण ओठही लालच. ते त्वचेत विरघळतात. ज्या लघुपटात प्रेक्षक ओठ वाचून भाषा शिकणार आहे, तिथे हे परवडत नाही. हिरवी वाहिनी मुख्य धरावी, लालचा वाटा बेताचा, आणि ओठांना मेकअपमध्येच तपकिरी छटेनं थोडी धार द्यावी. निळ्याकडे फार झुकू नये: त्वचेवरचा प्रत्येक डाग वर येतो, शिवाय त्या वाहिनीत कणकण जास्त. आणि मिशा! विनोदी लघुपटात झुपकेदार मिशी लावायची अनावर हौस असते. वरचा ओठ झाकणारी मिशी म्हणजे प आणि म यांना मूठमाती. कातरून ओठाच्या वर आणावी.

चित्रमुद्रणाचा प्रकारही इथे महत्त्वाचा. ८ बिटमध्ये उजळपणाच्या २५६ पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४. रंग असले की पायऱ्या लपतात, रिकाम्या राखाडी भिंतीवर त्या पट्ट्यांसारख्या दिसतात. त्यातून स्वस्तातल्या मुद्रणप्रकारांत रंगाची माहिती रुंदी-उंची दोन्हींत निम्मी ठेवलेली असते. तिच्यावरून लाल किंवा निळ्या वाहिनीचं राखाडी काढलं की कडा चौकोनी तुटतात. १० बिट मिळत असेल तर तेच घ्यावं. नसेल तर भिंत सपाट ठेवूच नये: पोत, डाग, चिकटवलेले कागद, काहीही. शेवटी बारीक ग्रेन (जुन्या फिल्मवर दिसतात तसे कण) चढवला की पट्ट्या झाकल्या जातात, मात्र इंटरनेटवर चढवताना तोच ग्रेन दाबला जाऊन चिखल होतो. तिथे ग्रेन कमी असलेली वेगळी प्रत काढावी.

अतिवास्तव म्हणजे काहीही घडणं नव्हे. जगाचा एक नियम मोडायचा आणि बाकीचे सगळे काटेकोर पाळायचे. सावली गुंडाळता येते, एवढं एकदा मान्य केलं की मग तिला वजन हवं, घडी हवी, ती धुळीनं मळायला हवी आणि रांगेतल्या बाकीच्यांना त्यात काहीच नवल वाटता कामा नये. मागच्या एका जणानं जरी कुतूहलानं वळून पाहिलं, तरी खेळ संपला. दुसरा नियम मोडायचा तर तो पहिल्यातूनच निघायला हवा.

युक्त्या जुन्याच पुरतात. वस्तू गायब करायला कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट, फोकस आणि एक्स्पोजर हातानं ठरवलेले, नट थिजलेला, वस्तू काढली, पुढे चालू. फसतं ते ढगांमुळे. उघड्यावर दोन शॉटच्या मधे उजेड बदलतो आणि रंग नसल्यामुळे तो बदल अंगावर येतो, तेव्हा हे काम बंद खोलीत करावं. चाल जलद आणि झटकेदार हवी तर सेकंदाला १८ फ्रेमनं चित्रीकरण करून २४ नं दाखवावं, म्हणजे वेग सव्वापटीहून थोडा जास्त होतो. २४ नं घेऊन मधल्या फ्रेम गाळल्या तर चाल अडखळते. १८ फ्रेमला सवयीचा अर्धा शटर (फ्रेमच्या निम्मा वेळ उघडा) म्हणजे १/३६ सेकंद. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि १/३६ ला पडदा धडधडतो. शटर १/५० वर ठेवावा. हालचालही कडक दिसते. अशा शॉटमध्ये बोलणं ठेवू नये. वेग वाढला की आवाज चिरका होतो आणि सूर खाली आणला तरी आघाताची चाल बिघडते. बोलायचंच असेल तर पात्र पाठमोरं.

चौकट ४:३ ची घ्यावी असं आमचं मत. उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावतो आणि दोघं जण समोरासमोर आले की मधे रिकामी जागा उरत नाही. विनोद चालू असताना कापू नये. हशा येण्याच्या जागेनंतर एक-दीड सेकंद कुणीही काही न बोलता थांबावं.

शेवटी उपशीर्षकं, आणि इथे तुमच्या समीक्षकांशी आमचं खरं भांडण आहे. उपशीर्षकं नसली तर ‘कळलं नाही’ आणि असली तर ‘मग भाषा कशाला रचली’ असा दुहेरी मार बसतो. निर्णय संहितेच्या वेळीच व्हायला हवा. न देण्याचं ठरलं तर सगळं ओझं वर सांगितलेल्या शिकवण्यावर. देण्याचं ठरलं तर प्रेक्षकाची नजर पडद्याच्या तळाशी जाते, म्हणून हातांचे विनोद त्या ओळींच्या वेळी ठेवू नयेत. ओळी दोनपेक्षा जास्त नकोत, एका ओळीत चाळीसेक अक्षरं, किमान एक सेकंद, कमाल सहा. वाक्याचा शेवटचा शब्द विनोदाचा असेल तर उपशीर्षक दोन तुकड्यांत तोडावं, नाहीतर नटाच्या आधी अक्षरं हसवून मोकळी होतात. पांढरी अक्षरं फिकट भिंतीवर नाहीशी होतात. पिवळा रंग वापरला तर कृष्णधवलचा बेरंग. अक्षरांना काळी कड किंवा मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्यावी. मुद्दाम चुकीची उपशीर्षकं देण्याची गंमतही करतात: नट अर्धा मिनिट तावातावानं बोलतो, खाली ‘नाही’. ती एकदाच चालते, आणि प्रेक्षकाला ‘नाही’चा खरा शब्द आधीच येत असेल तरच पुरती चालते.

ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकासाठी वेगळी पट्टी करावी लागते, आणि तिथे अर्थ न देता उच्चारच द्यावा: ‘कारकून: नोलुम?’ इतर प्रेक्षक शब्द जसा शिकतो तसाच तोही शिकेल. इंटरनेटवरची आपोआप उपशीर्षकं बंद करून स्वतःची फाइल चढवावी. यंत्र या भाषेला कुठलीतरी खरी भाषा समजतं आणि भलतेच, क्वचित अश्लीलही, शब्द छापतं. महोत्सवाच्या अर्जात ‘भाषा’ या रकान्यात ‘मूक’ लिहू नये. मूक लिहिलं की ध्वनितपासणी ढिली होते, आणि परीक्षक आवाज बारीक करून बघतात. आयएसओ ६३९-२ या संकेतप्रणालीत कृत्रिम भाषांसाठी ‘एआरटी’ हा संकेत आहे, तो लिहावा. ‘झेडएक्सएक्स’ हा भाषिक आशयच नसलेल्या गोष्टींसाठी आहे, तो इथे चुकीचा. अर्जासोबत तीन रकान्यांच्या संहितेतले पहिले दोन रकाने जोडावेत. समीक्षकांनीही चित्रपट बघून झाल्यावर ती मागावी आणि कुठलाही एक शब्द धरून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच अर्थानं आला आहे का, ते तपासावं. नसेल, तर टिपणातली ती टीका जशीच्या तशी छापावी. आमची हरकत नाही.

कळावे,
लघुपटांच्या ध्वनी आणि छायाचित्रण विभागांत काम करणारे आपले काही वाचक